माडीवरचा पडदा

आमच्या साडूभाऊंइतका भित्रा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो भीतीपोटी घराबाहेर पडत नसल्यामुळे कोणाला ठाऊक नाही. मी स्वतः फार शूर आहे अशातला भाग नाही. घरात पाल निघाली की झाडू आमची ही घेते आणि मी पलंगावर उभा राहून तिला दिशा सांगतो. पण साडूभाऊंच्या शेजारी उभं राहिलं की माझीसुद्धा छाती आपोआप पुढे येते. पांढरकवड्याला हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आहे, आणि त्यांना टायर फुटण्याची भीती वाटते. ट्रकच्या चाकात हवा भरताना ते नळी लावतात, तोंड फिरवतात, डोळे मिटतात आणि पुटपुटत राहतात. शेवटी हवा पुरे झाली हे ड्रायव्हरलाच ओरडून सांगावं लागतं. एसटीत ते संकटकाळी बाहेर पडण्याच्या दाराजवळचीच सीट धरतात आणि ती मिळाली नाही तर पुढच्या गाडीनं जातात. अनोळखी नंबरचा फोन तर ते उचलतच नाहीत. वाजणारा मोबाइल उशीखाली दाबून त्याचा जीव जाईपर्यंत वाट पाहतात.

पण या साऱ्या भीतींची राणी म्हणजे नजर. आपलं काही चांगलं होतंय हे चारचौघांना कळलं की ते बिघडलंच, असा त्यांचा पक्का हिशेब. घरच्या शेतात कपाशी उत्तम आली की हे पारावर बसून कपाळाला हात लावणार. पल्लवी, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, दहावीला तालुक्यात पहिली आली आणि तिचा फोटो पेपरात छापून आला, तर यांनी सकाळीच स्टँडवर जाऊन तो पेपर जेवढा सापडला तेवढा विकत घेतला. गल्लीत सांगितलं, "झाली पास कशीतरी." आमच्या घरी पेपर येतो हे ते घाईत विसरले. या नजरेतही सगळ्यात जहाल नजर समोरच्या वहिनींची, असं त्यांचं मत. या वहिनींनी एकदा त्यांच्या अंगणातल्या शेवग्याचं कौतुक केलं, "काय लदलदला हो भाऊ," एवढंच म्हणाल्या, आणि आठवड्याच्या आत वावटळीत झाड आडवं झालं. तेव्हापासून वहिनी दारात दिसल्या की साडूभाऊ हातातली पिशवी पाठीमागे लपवतात, मग तीत वांगी का असेनात.

अशा माणसाच्या पोरीनं परदेशी शिकायला जायचं ठरवलं. पल्लवीनं बीएस्सी ॲग्री केलं होतं, पुढे मातीचा अभ्यास करायचा होता, आणि तिकडे हुशार पोरांना पूर्ण शिष्यवृत्ती मिळते हे तिनं स्वतः शोधून काढलं होतं. वर्षभर ती माडीवरच्या खोलीत बसून अर्ज करत होती, मुलाखतींची तयारी करत होती. साडूभाऊंनी त्या खिडकीला जाड पडदा लावला, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालून मागच्या दारानं ये-जा सुरू केली, आणि पल्लवी कुठं दिसत नाही असं कोणी विचारलं की सांगायचं, "अकोल्याले हाये, आत्याकडे. शिवणाचा क्लास लावून देला." नेदरलँडच्या एका विद्यापीठानं तिला निवडलं, फी-राहणं-खाणं सगळं देऊ म्हणून कळवलं, तेव्हा ही बातमी मला सांगायला साडूभाऊ मला आमच्याच न्हाणीघरात घेऊन गेले आणि नळ सुरू करून कानात बोलले. आनंदाची बातमी ऐकून अंगावर काटा यावा असा त्यांचा चेहरा होता.

पासपोर्ट काढायचा म्हटल्यावर ते आणखी घाबरले. आधी पासपोर्ट काढला तर जाण्याचं फिसकटतं म्हणून त्यांनी तो शेवटपर्यंत लांबवला होता. अखेर अर्ज गेला आणि चौकशीसाठी पोलीस शिपाई आला. त्यानं आधी फोन केला. तो उशीखाली गेला. मग शिपाई स्वतः घरी आला. पल्लवी त्या दिवशी आईला घेऊन कॉलेजचे दाखले आणायला यवतमाळला गेली होती. साडूभाऊ घरातच होते. पडद्याच्या फटीतून त्यांना खाकी दिसलं आणि ते खिडकीखाली मटकन बसले. शिपायानं कुलूप पाहिलं, शेजारीपाजारी विचारलं. गल्लीनं एका सुरात सांगितलं की ती पोरगी इथं राहत नाही, अकोल्याला असते. समोरच्या वहिनींनी तर शिवणाच्या क्लासचीही माहिती दिली.

पोरगी दिल्या पत्त्यावर राहत नाही, असा शेरा गेला आणि पासपोर्ट अडकला. तिकडे विद्यापीठानं निक्षून सांगितलेलं, ठरल्या तारखेला हजर झाली नाही तर शिष्यवृत्ती यादीतल्या पुढच्या मुलाला. मी गेलो तेव्हा साडूभाऊ जिन्याच्या पायरीवर बसले होते. पल्लवी रडली नाही, ओरडली नाही. ती वर गेली, पडदा काढला, नीट घडी घातली आणि बापाच्या मांडीवर आणून ठेवली.

"बाबा, आता तुमीच सांगा सगळ्यायले, मी कुठं आहो ते."

रस्ता ओलांडायला आम्हाला चार पावलं पुरली असती. साडूभाऊंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की त्यांची भीती माझ्या अंगात उतरली. वहिनी ओट्यावर तुरीची डाळ निवडत होत्या. साडूभाऊ तिथं उभे राहिले. मग एकदम सगळंच बाहेर पडलं, शिष्यवृत्ती, परदेश, पासपोर्ट, अकोल्याचं खोटं. अर्ध्यातच ते थांबले, कारण वहिनींच्या चेहऱ्यावर जराही नवल नव्हतं.

"मले माहीत हाये, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "साऱ्या गल्लीले माहीत हाये. रोज दिवा लागला का पडद्यावर पोरीची सावली वाचत बसलेली दिसे. तुमाले भेव वाटते म्हणून कोणी बोललं नाई. अन् तुमी म्हणता अकोला, तं आमी बी म्हटलं अकोला. पोलिसाले काय वेगळं सांगाव?"

साडूभाऊंनी आधी मागे वळून आपल्या खिडकीकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मंग नजर काहून नाई लागली?"

वहिनी ताटातले खडे वेचत राहिल्या. "म्हणून तं मी तुमच्या घरापुढून मान खाली घालून जातो ना."

ठाण्यावर अख्खी गल्लीच गेली. ज्या ठाण्याला वळसा घालून साडूभाऊ आयुष्यभर बाजारात जात आले, त्याच्या पायऱ्या ते वहिनींच्या मागे मागे चढले. मी त्यांच्या मागे होतो, म्हणजे पळायची वेळ आली तर सगळ्यात पुढे. साहेबांनी विचारलं की आधी खोटं का सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "साहेब, ते खोटं नव्हतं, ते भाऊचं भेव होतं." साहेबांना हे कितपत कळलं कोण जाणे, पण त्यांनी पोरीला समोर उभं केलं आणि पुन्हा चौकशी लावली. त्यानंतरचे दिवस टपालाची वाट पाहण्यात गेले. दारात टपालवाल्याची सायकल वाजली की साडूभाऊ आत जात आणि मी उगाच चप्पल शोधत राही. पासपोर्ट आला, व्हिसा झाला, आणि तारीख अगदी तोंडावर असताना पल्लवी नागपूरहून विमानात बसली. साडूभाऊ काचेबाहेर तोंड फिरवून, डोळे मिटून उभे होते. हवा भरताना राहतात तसेच. गेली, हे मलाच सांगावं लागलं.

परवा त्यांच्या दुकानात बसलो होतो. आदिलाबादकडचा एक जुना ट्रकवाला चाकाचं काम करून घेता घेता म्हणाला, पोरगी काय करते हल्ली. साडूभाऊंनी मान वर न करता सांगितलं, "घरीच हाये. वर बसून अभ्यास करून राह्यली."

संध्याकाळी त्यांच्या घरावरून गेलो तर माडीच्या खिडकीला तोच जाड पडदा पुन्हा लागलेला होता आणि आत दिवा जळत होता. समोरून वहिनी दूध घेऊन येत होत्या. वर कोणी नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी खिडकीखाली आल्यावर त्यांनी मान खाली घातली, आणि घर मागे पडेपर्यंत ती वर केली नाही.