चेंडू चौदा नंबरकडे

रग्बी क्लबच्या टीव्हीवर सामना लागला, की राष्ट्रगीताला इदवाल टोपी काढायचा, पण गायचा नाही. कपात आधी दूध ओतायचा, मग चहा. शेजारची खुर्ची टोपी ठेवून अडवायचा. वेल्सच्या धिप्पाड एक नंबरच्या खेळाडूने माणसांच्या ढिगाऱ्यातून लोळत चेंडू रेषेपलीकडे टेकवून ट्राय केला, की अख्खा क्लब नाचायचा आणि इदवाल जिभेने 'चुक्' करायचा.

लोवरी त्याच्या शेजारच्या घरात राहायची. साहित्याची पदवी घेऊन क्लबच्या बारमागे उभी राहायची. एकदा तिने त्याला या 'चुक्'चं कारण विचारलं.

हा निवृत्त बसड्रायव्हर कोण जिंकणार यावर पैज लावतच नसे. पैजवाली कंपनी अंदाज द्यायची, की ट्राय करणाऱ्यांच्या पाठीवरच्या आकड्यांची बेरीज पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस होईल. जास्त वाटली तर अठ्ठेचाळीसला घ्यायचं, कमी वाटली तर पंचेचाळीसला विकायचं. आकड्यामागे एक पौंड लावून घेतलं आणि बेरीज साठ झाली, तर बारा पौंड मिळाले. तीसच झाली, तर अठरा गेले.

"म्हणजे जितकं बरोबर तितकं मिळणार, जितकं चुकलं तितकं जाणार?"

"लग्नासारखं," तो म्हणाला. "मी कायम घेतोच, पोरी. मोठे आकडे कडेला उभे असतात."

कडेला, चौदा नंबरला, त्याचा मुलगा मॅक्सन उभा असायचा. याच क्लबकडून. त्याने खेळ सोडला त्या दिवशी इदवालने त्याच्या जर्सीवरचा आकडा ओरबाडून काढला. मॅक्सन न्यूझीलंडला गेला, तो गेलाच.

मॅक्सनला फोन का करत नाही, असं लोवरीने विचारलं.

"शनिवारी चौदा नंबरने ट्राय केला की करतो."

या स्पर्धेत दर सामन्याआधी तो सगळ्या क्लबदेखत हेच म्हणाला होता. दर वेळी चेंडू मधल्या गर्दीतच अडकला.

गुरुवारी इदवाल झोपेतच गेला.

शनिवारी दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. चेंडू हातोहात सरकत कडेला आला आणि चौदा नंबर कोपऱ्यात झेपावला. क्लब उठून उभा राहिला. मग एकेक जण लोवरीकडे बघू लागला.

इदवालच्या घराची किल्ली तिच्याकडेच असायची; ती दार उघडून आत गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी जर्सी पालथी पसरलेली होती. एकचा आकडा घट्ट शिवून झाला होता. चारची एकच बाजू शिवलेली होती, दुसरी मोकळी. सुई दोऱ्यासकट तिथेच टोचलेली होती.