नावाची अंडी

बुद्धरत्न ज्या शाळेत शिकला तिथे विज्ञान म्हणजे बरणीतल्या औषधात पांढरा पडलेला एक बेडूक होता. मास्तर झाल्यावर त्याने ठरवलं, आपल्या वर्गात मेलेलं काही ठेवायचं नाही. कापडे गावाच्या वरच्या अंगाला एका वाडीत त्याची शाळा. खिडकीत तेरडा, बरणीत शेपट्या टाकत चाललेली बेडकांची पिल्लं, फळ्यावर चढणाऱ्या गोगलगायी. बिरवाडीच्या घरून येताना त्याच्या पिशवीत डब्याशेजारी काहीतरी वळवळतच असे. घरात कोंबड्या, आता शाळेतही कोंबड्या, मग पोरांनी शिकायला जायचं कुठं, असं वाडीतली म्हातारी चंपाबाई भर रस्त्यात विचारायची.

कोंबड्या अजून व्हायच्या होत्या. थर्माकोलच्या खोक्यात दिवा लावून त्याने गावठी अंडी उबायला ठेवली होती. अंडी रोज फिरवावी लागतात. कुणी विसरू नये म्हणून प्रत्येक पोराचं नाव एकेका अंड्यावर पेन्सिलीने लिहिलं. एकावर स्वतःचंही. मग घोंगडीखाली अंधार करून अंड्यामागे मोबाइलचा उजेड धरला. कवचाआड तांबड्या शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा ठिपका. ते काळीज आहे, असं त्याने सांगितलं. त्या दिवशी पोरं घरी गेली ती कुजबुजत.

नाव घातलेलं अंडं करणीत वापरतात, हे त्याला ठाऊक होतं. पण असलं काही खरं नसतं हे तोच शिकवत आला होता, म्हणून ते लिहिताना मनातही आलं नाही.

मग घाटात विजेचे खांब आडवे झाले आणि दिवा गेला. खिचडीच्या चुलीवर पाणी तापवून तो बाटल्या भरी, खोक्यात रची, निवल्या की बदली. घरी गेलाच नाही. खोक्यातल्या थर्मामीटरचा पारा तरी उतरतच राहिला. अंड्यांवर बसायला आसुसलेल्या खुडूक कोंबड्या वाडीत होत्या. पण पोरांची नावं घातलेल्या अंड्यांवर कुणी कोंबडी बसवू देईना. नावं पुसतो म्हणाला, तर एकदा घातलेलं नाव पुसून जातं होय, असं उत्तर आलं.

त्यातच चंपाबाईची नात सेजल तापाने पडली.

चंपाबाई वर्गाच्या दारात आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"गुरुजी, पोरीला डाक्टरकडे नेलीय, औषध चालू हाय. पन तिचं अंडं बगा. जितं असंल तर माजी कोंबडी आणते, सगल्यांवर बसवा. मेलं असंल तर आत्ताच सांगा."

"मेलं तरी सेजलला काही होत नाही, आजी."

"तुमाला म्हायत. मला नाय. बगा."

तो घोंगडीत शिरला. मोबाइलची बॅटरी संपत आली होती. सेजलच्या अंड्यात शिरा विरून काळपट कडं उरलं होतं. त्याने ते तळहातात दाबून ऊब दिली, पुन्हा पाहिलं. काही हललं नाही. बाकीच्यांत ठिपके हलत होते, थांबत थांबत. त्याच्या स्वतःच्याही.

नाव म्हणजे पेन्सिलीची रेघ. हेच घोकत त्याने खोडरबर घेतलं आणि सेजलला पुसलं. हे वाक्य मनात उमटलं तसा अंगावर काटा आला. आपलं नाव पुसून त्या जिवंत अंड्यावर तिचं लिहिलं. उरलं मेलेलं, कोरं. त्यावर पेन्सिल टेकवली आणि हात पुढे जाईना. आयुष्यभर गिरवलेली अक्षरं. बाहेरून चंपाबाई विचारत होती, काय झालं. दात आवळून त्याने स्वतःचं नाव पुरं केलं.

"जिवंत आहे," तो म्हणाला.

ती कोंबडी काखेत घेऊन आली. टोपलीत पेंढा पसरून एकेक अंडं तिने आपल्या हाताने मांडलं. सेजलचं विचारून घेतलं, मधोमध ठेवलं.

"नि हे कुनाचं?"

"माझं."

तिने त्याच्या जागरणाने सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. कडेला ठेवलेलं ते अंडं उचलून सेजलच्या अंड्याला चिकटून ठेवलं, ऊब सगळ्यात जास्त लागेल तिथे. "तुमी बी कुनाचं तरी पोर हाव," म्हणाली.

मेलेलं अंडं उबेत लवकर सडतं आणि फुटलं तर शेजारचीही जातात. ते काढायला त्याने हात पुढे केला. मग कडेचा पेंढाच तेवढा सारखा केला. कोंबडी पिसं फुलवून बसली, आणि चंपाबाई तिच्यापुढे तांदूळ टाकू लागली.