अडेनियमला पाणी नको

प्रभाकर भाऊजी गेल्याचा फोन ताईनेच केला. मी अमरावतीत, राजापेठेतल्या घरी सकाळचा चहा घेत होतो. "हे गेले रे पहाटे," ती म्हणाली. आणि पुढे, "आज नळ आहे. येणाऱ्या लोकायच्या पाण्याची चिंता नाही..." अकोल्यात त्यांच्या भागात नळ सहा-सात दिवसांनी येतो. माहिती महत्त्वाची होती.

भाऊजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीत त्यांनी शेतांपर्यंत पाणी पोहोचवलं. निवृत्तीनंतर ते एका कुंडीपर्यंत पोहोचू नये म्हणून झटले. कुंडीत अडेनियम होतं. मडक्यासारखं फुगलेलं खोड, वर चार फांद्या, गुलाबी फुलं. उन्हाला न घाबरणारं, अकोल्यासाठीच जन्मलेलं झाड, असं ते सांगत. पण नळ आला की घरोघरी ड्रममधलं शिळं पाणी काढतात, आणि ते नालीत ओतणं आमच्याकडे पाप. ते झाडांना जातं. ताईच्या अंगणात दोन ड्रम होते आणि कुंड्या पाच. पहिल्या अडेनियमचं खोड पिकल्या पपईसारखं मऊ पडलं आणि एका सकाळी ते आडवं झालं. दुसरंही तसंच गेलं. तिसरं त्यांनी वाळू आणि विटांचा चुरा घालून लावलं आणि कुंडीवर खडूने लिहिलं, 'पाणी घालू नये'. ते पाण्याने पुसलं गेलं. मग ऑइलपेंटने लिहिलं.

एकदा मी तिथे असतानाच ताई बादली घेऊन आली.

"कावून मारून राहिली त्याले?" भाऊजी म्हणाले.

"मेच्या उन्हात उभं केलं तुमी, अन् मारते मी?"

"ते पोटात पाणी साठवते."

"उंटबी साठवते. पण तो पेते तरी."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी कुठलीही बाजू घेतली नाही. पुढे दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा ऑक्सिजनची नळी बाजूला करून त्यांनी विचारलं, "आज नळ होता काय?" नव्हता. ते निवांत झोपले.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी नळ आला. घरात पाहुणे होते आणि अडेनियमवर एकही पान नव्हतं. मूर्तिजापूरहून आलेल्या भाऊजींच्या बहिणीने डोळ्यांना पदर लावला. "झाडबी गेलं वो वहिनी, दादाच्या मांगं." तिने शिळ्या पाण्याची बादली उचलली. ताईने तिचा हात धरला.

"गेलं नाही ते. थंडीत पानं टाकते. आता पाणी देल्लं तर सडते."

हे वाक्य भाऊजी तीन वर्षं तिला ऐकवत होते. तिने ते ऐकल्याचा पुरावा तोवर मिळाला नव्हता... ती वाकली आणि खोड अंगठ्याने दाबून पाहिलं. "कडक आहे," म्हणाली. मग बादली जास्वंदीत रिकामी केली, आणि नळ जाईपर्यंत तिने एकाही पाहुण्याला अंगणात एकटं सोडलं नाही.