आत्याच्या पायांचा ठेका

रविवारी माहीमला एका हळदीत वाजवायला गेलो होतो. आपलं केळव्याजवळचं माहीम... मुंबईचं नाही, दर वेळी सांगावं लागतं!

मी राहते सरावलीला. आठवडाभर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये असते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवते. पार्टी वसंतकाकांची. बेंजो तेच वाजवतात, आणि मलाही त्यांनीच तयार केलं.

यंदा मी हट्टाने नवा सेटअप आणला. बेस, सनई, सगळं लॅपटॉपवर तयार, आणि वाजवणाऱ्यांच्या कानात इयरफोन. त्यात सारखी टिक-टिक चालू असते, तिला धरून वाजवलं की कोणी पुढे-मागे होत नाही. काकांनी मात्र साफ नकार दिला. "कानात बोळे कोंबून वाजवू काय?" म्हणाले. म्हटलं, ठीक आहे, तुम्ही तसेच वाजवा.

बुकिंगला आला तेव्हा नवरदेव नीलेशने एकच गोष्ट मागितली होती. त्याची आई तो लहान असतानाच गेली. आत्याने सुकी मासळी विकून त्याला वाढवलं. "ताई, माज्या हळदीत आत्या नाचली पायजे. बाकी काय नाय झाला तरी चालल." गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आत्या एकदाही नाचली नव्हती, हेही त्यानेच सांगितलं.

मी म्हटलं, तिचं आवडतं गाणं पाठव. त्याने व्हॉट्सॲपवर रेकॉर्डिंग पाठवलं... आत्या ओट्यावर बसून बोंबील निवडतायत आणि गातायत. काय गोड आवाज! मी त्या गाण्याचा स्पीड लॅपटॉपवर मोजला, टिक-टिक अगदी तेवढीच लावली आणि चार संध्याकाळी खपून ट्रॅक बनवला. स्वतःवरच खूश होते मी.

हळदीला सुरुवात तर झकास झाली. पोरं-पोरी बेभान नाचत होती, नवा सेटअप एकदम टकाटक चालला होता. मी काकांकडे बघून दोनदा भुवया उडवल्या. त्यांनी लक्षच दिलं नाही.

मग नीलेश आत्याला हाताला धरून मांडवाच्या मधोमध घेऊन आला. मी ट्रॅक सुरू केला आणि नजर लॅपटॉपवर ठेवली. स्क्रीनवर सगळं व्यवस्थित होतं... कानात टिक-टिक, हातात काठ्या. मान वर केली तेव्हा आत्या परत खुर्चीत जाऊन बसल्या होत्या.

तीनदा पाऊल टाकून बघितलं म्हणे त्यांनी. तिसऱ्यांदा हसून हात झटकला. "पाय ऱ्हायले आता माजे," असं म्हणाल्या, तेही मला नंतर कळलं, कारण माझे कान बंद होते. नीलेशचा चेहरा एवढासा झाला होता. एवढी एकच गोष्ट मागितली होती त्याने... मला इतकं वाईट वाटलं की ट्रॅक बंद करायचंही सुचेना.

काकांनी बेंजो थांबवला. माझ्याजवळ येऊन एका कानातला इयरफोन उपसला. "तिचे पाय बरोबर हायत. तूच पुडं पळतेस. खाली बघ जरा."

आमच्या पार्टीची जुनी पद्धत आहे, नाचणाऱ्याच्या पायाकडे बघून वाजवायचं. पहिल्या वर्षी काकांनी मला तेवढंच शिकवलं होतं. टिक-टिकच्या नादात तेच मी सोडून दिलं. आणि मग माझी खरी चूक लक्षात आली... मी स्पीड मोजला होता बसून गायलेल्या गाण्याचा! बोंबील निवडताना हात चालतात, पायांना कुठे काम असतं?

लॅपटॉप बंद केला. दोन्ही इयरफोन काढले. काकांनी एकट्यानेच ती चाल सावकाश धरली, बायका आपसूक गायला लागल्या. नीलेश पुन्हा आत्यासमोर जाऊन उभा राहिला. "एकदाच हां," म्हणत त्या उठल्या.

पॅडवर एक टॅपचं बटण असतं. ते ज्या स्पीडने दाबाल त्या स्पीडने पॅडमधला ठेका चालतो. एरवी चार वेळा दाबलं की काम झालं. पण आत्याचा ऑपरेशनचा पाय जरा उशिरा टेकायचा, आणि दर वेळी वेगळाच उशीर! मग मी काठ्या खाली ठेवल्या, आत्याच्या पावलांवर नजर लावली आणि अख्खं गाणं ते एकच बटण दाबत राहिले.

ठेका मधूनमधून गचके खात होता... पण आत्याबरोबर खात होता. त्या दम खायला थांबल्या की मी ठेका थांबवायचे, बायका थांबायच्या, सगळा मांडव थांबायचा. शेवटच्या कडव्याला तर बाईंनी स्वतःच स्पीड वाढवला, तेव्हा माझी धावपळ उडाली! नीलेश सगळ्यांसमोर रडत होता आणि नाचत होता. खोटं कशाला बोलू, मलाही रडू आलं.

गाणं संपल्यावर आत्या सरळ माझ्याकडे आल्या. हळदीचे हात माझ्या दोन्ही गालांना लावले. "आता बरा वाजवलास, पोरी. मगाशी तुजी तूच वाजवीत होतीस."

लॅपटॉप काही विकत नाहीये हं मी. पोरांना तो आवडतो आणि मलाही आवडतो. फक्त आता त्याची स्क्रीन बाजूला वळवून ठेवते, म्हणजे समोरचं दिसतं.

दहा वर्षं वाजवतेय... पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं गाणं मी एका बोटाने वाजवलं. आणि खरं सांगायचं तर ते बोटही माझ्या ताब्यात नव्हतं, आत्याच हलवत होत्या. थँक्यू, आत्या.