नाव आधी, मजकूर सवडीनं

घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आईला सरळच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, नंतर बोलता येणार नाही. राहुरीला परतताना एसटीत ती मला म्हणाली, "मंग तुला शिव्या कोन देनार रं? भरून ठेव त्या मोबाईलात."

भरल्या. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दुपारी ती माझ्या मोबाईलसमोर बसून बोलत राहिली. पाथर्डीकडच्या माहेरच्या गोष्टी, कोंबड्यांना घालायची हाक, वडिलांची नक्कल, आणि ठरल्याप्रमाणे शिव्या. मोबाईल भरत आला, म्हणून मी सगळं घरच्या कंप्युटरवर उतरवलं. कॉपी पूर्ण झाल्याचं दिसलं आणि मोबाईलमधलं पुसून टाकलं.

तेवढ्यात आभाळ गडगडलं नि कंप्युटर बंद पडला. पडवीतून आई ओरडली, "ईज कडाडतीया! मेन पाडला म्या. तुजा कंप्युटर जळंल न्हाई तर."

आमच्याकडे वीज कडाडली की मेन स्विच पाडतात. तिने तो आयुष्यभर पाडला. यूपीएसची बॅटरी तर केव्हाच मेली होती. पुन्हा चालू करून पाहिलं, तर सगळ्या फायलींची नावं ओळीने जागेवर. म्हटलं, वाचलो. दुसऱ्या दिवशी तिला नगरला भरती केलं.

ऑपरेशन होऊन तिला घरी आणल्यावर फायली उघडल्या. नावं होती, आत काही नव्हतं. प्रत्येकीचा आकार शून्य.

माझ्या कंप्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे; त्यात मजकूर डिस्कवर कसा लिहायचा ते आपल्याला ठरवता येतं. मशीन जुनं, म्हणून मी वेगाचा पर्याय निवडला होता, रायटबॅक. म्हणजे फाईलचं नाव आधी, मजकूर सवडीनं. ती सवड मिळायच्या आत मेन पडला. आईवर कसा चिडू? ती बिचारी माझा कंप्युटर वाचवत होती. मोबाईलमधलं पुसलेलं परत आणायला सापडतील ती सॉफ्टवेअरं चालवली. कुणाच्या तरी लग्नातल्या नाचाचे व्हिडिओ आले, आई आली नाही.

आता पर्याय बदललेत. मजकूर डिस्कवर पोचल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही. साधं पत्र सेव्ह करायलाही रडतं. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! आत आहेत लाईटबिलं. ती मात्र एकदम सुरक्षित. या कंप्युटरचा मला मनापासून राग येतो.

आई आता खुणांनी भांडते. परवा बहीण तान्ह्या बाळाला घेऊन आली. आईने बाळ मांडीवर घेतलं आणि मला जवळ बोलावलं. आधी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं, मग कंप्युटरकडे दाखवलं, मग तेच बोट बाळाच्या कानाला लावलं.

मी म्हटलं, "स्पीकर बिघडलाय, आई."

तिला ते लगेच पटलं.