आरूच्या घरचे माग बंद केले तेव्हा

मी हत्तीचं चित्र पुढं धरलं. साडेतीन वर्षांची आरू चित्राकडं बघत राहिली, मग माझ्याकडं बघितलं आणि नाकापुढं हात धरून सोंडेसारखा हलवला.

"हे काय आहे, सांग बघू?"

पुन्हा सोंड. यावेळी जरा जोरात, जणू बाईला पहिल्यांदा कळलं नसावं.

मी स्पीच थेरपिस्ट. बेळगावात एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं काम करते. ज्या मुलांचं बोलणं उशिरा येतं, अडखळतं किंवा थांबतं, ती माझ्याकडं येतात. आरूचं थांबलं होतं. वडगावातलं विणकराचं घर. घरातच पॉवरलूमचे चार माग. सोबत आई सविता, वडील संतोष आणि आजी रुक्माक्का. प्रश्न मी कुणालाही विचारला तरी उत्तर रुक्माक्काच देत होत्या.

"आधी बोलत होती?"

"बोलत होती की. लई न्हाय, पण बोलत होती. नर्सरीत घातली आणि दसऱ्याच्या आसपास एकदम गप. आता शाळेवाली म्हणत्यात, असंच राहिलं तर फुडच्या वर्गात घेणार न्हाय. गल्लीतली पोरं मुकी म्हणायला लागली तिला, म्याडम." एवढं बोलून त्यांनी पदरानं डोळे पुसले. बाई कडक होत्या, पण नातीवर जीव होता, हे उघड दिसत होतं.

"घरात कुठली भाषा?"

"आमची मराठी. सून बैलहोंगलकडची, ती पोरीसंगं कन्नड बोलायची. नर्सरी सुरू झाल्या झाल्या टीचर म्हणाल्या, दोन-दोन भाषांनी पोर गोंधळतंय, घरात एकच ठेवा. मग मी हिला सांगितलं, कन्नड बंद. तवापासनं एकच हाय."

सविता मान खाली घालून बसली होती. मी समजावलं की दोन भाषांनी मूल बिघडत नाही. आपल्या भागातली निम्मी पोरं दोन भाषांतच वाढतात. रुक्माक्कांनी ऐकून घेतलं. पण टीचरचा शब्द आणि माझा शब्द यांत त्यांनी टीचरलाच झुकतं माप दिलेलं दिसलं.

हियरिंग टेस्ट केली. कान उत्तम. चित्रं पसरून "छत्री कुठाय?" विचारलं, बरोबर बोट ठेवलं. "जी भिजू देत नाही ती कुठाय?" तरी छत्रीवरच. खेळातली कपबशी दिली तर बाहुलीला चहा पाजला, आधी फुंकर मारून. म्हणजे समज होती, कल्पना होती, माणसांत लक्ष होतं. आवाज तेवढा नव्हता.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "आलेलं बोलणं गेलंय. ही चांगली खूण नाही. हुबळीला पाठवू, सगळ्या तपासण्या होऊ देत. तू रिपोर्ट लिही."

"एकदा घर बघून येऊ का?"

"घर कशाला? घराला काय झालंय?"

"काय झालंय तेच बघून येते."

"आठवड्यात ये. त्यापुढं मी थांबणार नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. आलेलं बोलणं जातं तेव्हा वेळ दवडायची नसते. पण मूल भाषा शिकतं ते घरात. क्लिनिकमध्ये मला फक्त मूल दिसतं.

वडगावात गेले. गल्लीत शिरतानाच खटखट ऐकू यायला लागली. घरात पाऊल टाकलं आणि माझा आवाज मलाच ऐकू येईना. पुढच्या खोलीत चार माग, मागं स्वयंपाकघर, मधे नुसता पडदा. रुक्माक्का माझ्या कानाशी तोंड आणून ओरडल्या, "च्या घेणार?" मी मान हलवली. त्यांनी पडदा सारून आत बघितलं आणि दोन बोटं ओठाला लावली. आतून सविता चहा घेऊन आली. एक शब्द नाही.

मग मी बघतच बसले. त्या घरात दिवसभर हातांनी बोलणं चालतं. दोन बोटं जुळवून झटकन लांब केली की धागा तुटला. तळहात उपडा केला की कांडी संपली, म्हणजे धोट्यात घालायचं सूत संपलं. कपाळावर बोटानं मोठा गोल काढला की रुक्माक्का, कारण त्यांचं कुंकू रुपयाएवढं. पिढ्यान् पिढ्या मागावर बसलेल्या माणसांना यात विशेष काही वाटत नाही. मला वाटलं. चहा गार झाला तरी लक्षात आलं नाही.

तेवढ्यात आरू पळत बापाच्या मागापाशी गेली. माझ्याकडं बोट केलं, दोन्ही गाल फुगवले, दोन बोटं ओठाला लावली. मग कपाळावर गोल काढला, डब्याचं झाकण लावल्यासारखं केलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवून जोरजोरात नाही नाही हलवला. संतोष हसू दाबत खाली बघायला लागला.

मी त्याच्या कानाशी ओरडले, "काय म्हणाली?"

"काय न्हाय म्याडम."

"सांगा. माझं कामच आहे ते."

लाजत लाजत त्यानं सांगितलं: जाड बाई चहा प्याली. आज्जीनं बिस्किटाचा डबा बंद केला. मला दिलं न्हाय.

जाड आहे, कबूल. पण मला आनंद झाला तो वेगळाच. पोरीनं तीन वाक्यं जोडली होती, आणि जशी घडली त्या क्रमानं. माझ्यासाठी विशेषण वापरलं होतं. नकार वापरला होता. आणि डबा तर तिथं नव्हताच, आत फळीवर होता. समोर नसलेल्या, होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल सांगता येणं, वर तक्रारही करता येणं, ही भाषेची खरी कमाल आहे. कुत्रं दारातल्या माणसावर भुंकतं. काल कोण आलं होतं ते त्याला सांगता येत नाही.

आमच्या धंद्यात भाषा वेगळी आणि बोलणं वेगळं. भाषा डोक्यात असते. ती तोंडातून बाहेर येते, तशी हातातूनही येते. आरूची भाषा ठणठणीत होती. मग तोंडाचा रस्ता कशानं बंद झाला?

संतोषला बाहेर अंगणात घेतलं. "माग बंद असतात तेव्हा आरूशी कोण बोलतं?"

"बंद म्हणजे जेवणाच्या वक्ताला आणि रात्री. मी पडलो की झोपतो. आई देवळात जाती. सविताच असायची तिच्यापाशी. न्हाऊ घालताना, जेवताना, झोपवताना, दोघींची लई बडबड चालायची."

"कन्नडात."

"व्हय. कन्नडातच. सविताला मराठी कामापुरतं येतंय."

मला कळायचं ते कळलं. दिवसभर हात बोलत होते. तोंडानं बोलणारं त्या पोरीच्या आयुष्यात एकच माणूस होतं, आणि त्याला आम्ही शहाण्या लोकांनी गप्प केलं होतं. लहान मुलं भाषांची नावं ओळखत नाहीत, माणसं ओळखतात. आईशी बोलायचं ते असं, आज्जीशी बोलायचं ते तसं, एवढंच त्यांना ठाऊक असतं. कन्नड बंद म्हटल्यावर आरूची भाषा कमी झाली नव्हती, आई कमी झाली होती. मला फार राग आला. कुणावर काढावा ते मात्र समजेना.

आत येऊन रुक्माक्कांना माग बंद करायला सांगितलं.

"आत्ता? लग्नसराई हाय, बाई."

"अर्धा तास."

माग थांबले. कानांत गूं करायला लागलं. मी विचारलं, "आक्का, तुम्ही भाजी कुठल्या भाषेत घेता?"

"कन्नडात."

"भांडण?"

"त्येबी कन्नडात. भाव लवकर उतरतोय."

"साड्या घेणाऱ्या शेटजीशी?"

"हिंदीत."

"मग तुमचं डोकं कसं फिरलं नाही?"

"माझं कशाला फिरंल? मी म्हातारी माणूस, पोर न्हान हाय."

"न्हान असतानाच डोक्यात जागा जास्त असते, आक्का. सविता, तू पहिल्यासारखी बोल बघू तिच्याशी."

सवितानं आधी सासूकडं बघितलं. मग मांडी घालून बसली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आरू, ऊटा आतेन?" जेवलीस का, एवढंच.

आरूचा चेहरा खुलला. तोंड उघडलं. आणि उघडलेलं तोंड तिनं मिटलं. आईकडं बघत ओठांवर बोट ठेवलं, मग तेच बोट कपाळावर नेऊन मोठा गोल काढला.

ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रुक्माक्कांना तर नव्हतीच. आयुष्यभर हातांची बोली वाचलेली बाई ती.

त्या मागाच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माज्या भ्यानं गप बसलीस व्हय गं? मला वाटलं, तुझं भलं करतोय." रुक्माक्का खाली बसल्या, आरूला मांडीवर ओढलं आणि बाजारातल्या कन्नडात म्हणाल्या, "माताड, पुट्टी. अव्वासंगं माताड." बोल पोरी, आईशी बोल.

आरूनं सगळ्यांचे चेहरे बघून घेतले. मग आईच्या कानाशी गेली आणि कुजबुजली, "अव्वा, बिस्किट बेक." बिस्किट पाहिजे. सविता तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. आरूला वाटलं, आईला समजलं नाही. ती आजीकडं वळली आणि मोठ्यानं, मराठीत म्हणाली, "आज्जीनं डबा बंद करला."

"केला म्हण, केला," रुक्माक्का डोळे पुसत म्हणाल्या.

"राहू दे आक्का, 'करला'च म्हणू दे. घरात कुणी 'करला' म्हणतं का?"

"कोण म्हणंल असं?"

"मग ते तिचं स्वतःचं आहे. धरला, भरला ऐकून तिनं नियम काढला आणि करला केलं. पोरं पोपटासारखी शिकत नाहीत, हिशेब लावून शिकतात. चुकतात ती सुद्धा नियमानं. केला आपोआप येईल."

रुक्माक्का डबा आणायला आत गेल्या.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः आरूला पुन्हा तपासलं, दोन महिने वाट बघायला कबूल झाले. उपचार काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जेवताना आणि झोपताना आईनं आपल्या भाषेत बोलायचं. "एवढंच?" म्हणाले. एवढंच. बोलणं एका दिवसात परत आलं नाही. आधी घरात आलं, मग गल्लीत आणि सगळ्यात शेवटी शाळेत. टीचरना मी जाऊन भेटले. बिचाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता; त्यांना कुणीतरी तसं सांगितलं होतं, त्यांनी पुढं सांगितलं. आरूला पुढच्या वर्गात घेतलं.

शेवटच्या भेटीला तिघी आल्या. मी विचारलं, "आता कशी आहे?" सवयीनं रुक्माक्कांनी तोंड उघडलं, मग थांबल्या आणि सुनेला कोपर मारलं. "तू सांग गं. आई तू हायस तिची." सवितानं सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात, मधे मधे हातांनी. मला सगळं समजलं.

बोलायचं थांबलेलं मूल आलं की आजही मी कान तपासते, चित्रं दाखवते, डॉक्टरांकडं पाठवते. त्यात कसूर करत नाही. फक्त घरच्यांना एक प्रश्न आता आधी विचारते: मूल गप्प व्हायच्या आधी, घरात आणखी कोण गप्प झालं होतं?