राखेत पुरलेलं हेड

गोवऱ्यांच्या धुराचा वास आला, की अजूनही माझी मान खाली जाते. इचोड्याला एक वेल्डिंगवाले काका होते. आमच्या डिझेल इंजिनाचं बिडाचं हेड तडकलं, तेव्हा बाबांना नवं घ्यायचं होतं. मीच हट्टानं ते काकांकडे नेलं. त्यांनी ते गोवऱ्यांत तापवून सांधलं आणि गरम राखेत पुरलं.

"सकाळपर्यंत हात नको लावू. लवकर थंडावलं, तर पुन्ना तडकन."

रात्री ते घरी गेले आणि मला गावची शेवटची बस दिसली. मी हेड पोत्यात गुंडाळून नेलं. वाटेतच ते टणकन तडकलं. घरी सांगितलं, "काकांचं काम कच्चं." बाबांनी नवं आणलं.

हेड तडकल्याचं काकांच्या कानावर गेलं. पुढे बाजारात त्यांनी विचारलं, "राखेत पुरं थंडावलं होतं ना, बाप्पा?"

मी "हो" म्हणालो.

त्यांनी आपले हात उलटसुलट पाहिले. "मंग माहाच हात चुकला असन."